काटा वर का चढतो?

गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावला येताना केरी मागे पडली की रस्ता वर चढू लागतो, आणि गाडी जुनी असेल तर तिच्या तापमापकाचा काटाही रस्त्याच्या सोबतीने चढू लागतो. दुसऱ्याच्या हातची, दीड लाख किलोमीटर फिरलेली डिझेल गाडी आम्ही घेतली, तिने हा अनुभव तिसऱ्याच महिन्यात दिला. काटा लाल रेघेला भिडला, बॉनेटच्या फटीतून वाफ डोकावली आणि मंडळी मागून ओरडली, "अहो, थांबवा आधी! आई घाबरल्यात."

थांबलो. अशा वेळी माणसाचा हात पहिल्यांदा रेडिएटरच्या झाकणाकडे जातो, आणि नेमका तोच आवरायचा असतो. ते झाकण साधे नसते. आतले पाणी ते दाबाखाली ठेवते. वातावरणाच्या दाबाहून जवळजवळ तितकाच आणखी दाब पडला की पाणी शंभर अंशांना न उकळता एकशे अठराच्या आसपास उकळते. झाकण फिरविताच दाब सुटतो, आणि तोवर शांत असलेले पाणी क्षणार्धात वाफ होऊन तोंडावर येते. चेहरे आणि हात पोळल्याच्या कहाण्या प्रत्येक घाटात ऐकायला मिळतात. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणेही तितकेच घातक. हेडला तडा जाऊ शकतो. आम्ही झाडाच्या सावलीत तासभर बसलो, वरचा रबरी पाइप हाताला सोसवेल इतका निवल्यावर झाकण फडक्याने धरून हळूहळू सैल केले, पाणी भरले आणि रखडत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी बॉनेट उघडले, वाकून पाहिले आणि निकाल दिला, "सर, हेड उतरवाय पायजे. गॅस्केट गेलंय." खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प झालो. चिरंजीवांच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेशी तो आकडा विलक्षण जुळत होता. मिस्त्री लबाड होते असे मी म्हणणार नाही. तापलेल्या जुन्या डिझेलचे हेड अनेकदा खरोखरच खराब झालेले असते. पण त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता, आणि तो मी घरी आल्यावर स्वतःलाच विचारला : गाडी तापते, पण ती तापते कधी?

इंधनातून निघणाऱ्या उष्णतेचा चौथा ते तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. ती वाट कोठे अडली आहे, हे तापण्याच्या वेळेवरून बरेचसे कळते. गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष वाऱ्याचा : पंखा, त्याचा रिले, पंख्याभोवतीचे आवरण. डिझेल इंजिन नुसते चालू ठेवले तर फारच थोडी उष्णता निर्माण करते. तेव्हा ते उभ्याउभ्या तापले तर पंख्याकडे आधी पाहावे. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते, तर पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट मिटलेला अडकला आहे. आणि गावात निमूट राहून चढावरच तापते, तर पाण्याचा प्रवाह अपुरा पडतो : रेडिएटर चोंदला, पंपाची पाती झिजली, किंवा खालचा पाइप मऊ पडून वेगात चपटा होतो.

गॅस्केटची कसोटी वेगळी. थंड इंजिनाचे झाकण काढून गाडी सुरू करावी. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनचे पाइप सुरू केल्यावर मिनिटभरातच दगडासारखे कडक होतात का, गळती न दिसता पाणी रोज कमी होते का, धूर पांढरा आणि गोडसर वासाचा आहे का, हेही पाहावे. तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा साय दिसला की पुष्कळजण हादरतात; मात्र रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत तो नुसत्या दमटपणानेही जमतो. तेलाच्या कांडीवरचे तेल स्वच्छ असेल तर घाई करू नये.

मी पंधरा दिवस वहीत टिपणे ठेवली. बुडबुडे नव्हते. बाटलीवर खूण केली होती, पाणी त्या खुणेवरून हलले नाही. मात्र एक विचित्र गोष्ट नजरेस आली. बेळगावच्या गार सकाळी शहापूरपासून रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आलो तरी काटा जागचा फारसा उठत नसे. घाटात उकळणारी गाडी गावात ऊबही धरू नये, हे काय गौडबंगाल?

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारे एक छोटे दार. पाणी साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापेतो ते मिटलेले राहते, मग उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते. आमच्या गाडीचे आवरण उघडून पाहिले तो आत दारच नव्हते! आधीच्या मालकाच्या कोणा कारागिराने 'गाडी गरम होते' म्हणून ते काढून फेकले होते. हा उपाय आपल्याकडे इतका रूढ आहे की त्याला औषध समजतात. वास्तविक त्याने दुखणे फक्त झाकते. इंजिन गावात थंड राहून झिजते, डिझेल जास्त पिते. आणि काही इंजिनांत तर दार नसल्यामुळे पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनेच परत फिरते, म्हणजे चढावर तापणे उलट वाढते.

पण दार काढावे असे त्या कारागिराला वाटले तरी का? गाडी तेव्हाही तापतच असणार. लांबूनच तापमान सांगणारे छोटे यंत्र हल्ली स्वस्तात मिळते. ते गरम रेडिएटरवरून फिरविले, तर वरचा भाग सत्तरीच्या पुढे आणि खालचा कोपरा कोमट. तेवढ्या भागातल्या नळ्यांतून पाणी वाहतच नव्हते. उद्यमबागेत रेडिएटर उतरवला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. ए.सी.चा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ आणि किडे यांची गोधडीच बसली होती, आणि नळ्यांत वर्षानुवर्षे ओतलेल्या बोअरच्या जड पाण्याचा चुना. रेडिएटरवाले म्हणाले, "धुऊन भागणार न्हाई सर, कोअर बदला."

नवा कोअर, नवा थर्मोस्टॅट, नवे झाकण आणि शुद्ध पाण्यात मिसळलेला कूलंट. भरल्यावर आतली हवा काढायला हीटर पूर्ण उघडून इंजिन बराच वेळ चालू ठेवले. हवेचा बुडबुडा अडकला तर नवीन सामानही तापते. सगळा खर्च हेडच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी आला.

काट्यावरही डोळे मिटून विसंबू नये. पुष्कळ गाड्यांत तो मधल्या मोठ्या टप्प्यात मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. हलला म्हणजे प्रकरण आधीच पुढे गेलेले असते. शिवाय पाणी संपले तर तापमान मोजणारी कांडी पाण्याबाहेर पडते, आणि इंजिन जळत असताना काटा खुशाल खाली येतो.

गेल्या महिन्यात पुन्हा चोर्ला चढलो. केरी ते कणकुंबी काटा मधोमध राहिला. मंडळींनी मात्र पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवलेच होते, आणि घरी पोचेपर्यंत मीही ते उतरवा असे म्हणालो नाही.