दाखल्यावरचा शेरा आणि न्यायालयाचा निकाल

अकोले तालुक्याच्या डोंगराळ गावांतून नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हाती गुणपत्रिका असते, जातीचा दाखला असतो. परंतु निवड झाल्यावर त्याचे भवितव्य ज्या कागदावर अवलंबून राहते, तो चारित्र्य पडताळणीचा दाखला पोलीस ठाण्यातील नोंदीवरून तयार होतो. ती नोंद म्हणजे निकाल नव्हे, हे सांगण्याची पाळी यावी हेच आमच्या मते चिंतेचे आहे.

पडताळणी नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलांच्या वसतिगृहावर, रुग्णालयात वा पोलीस दलात माणूस नेमताना त्याचे पूर्ववृत्त पाहणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु फिर्याद म्हणजे आरोप, दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांचे मत, आणि दोष ठरविण्याचा अधिकार फक्त न्यायालयाचा. बांधावरच्या भांडणात वा मोर्चात नाव आलेला मुलगा पुढे निर्दोष सुटला, आणि ठाण्यातील नोंदीपुढे तो निकाल चढलाच नाही, तर न्यायालयाने दिलेले स्वातंत्र्य एका कारकुनी हलगर्जीने हिरावले जाते.

नोंद आणि न्याय यांतील अंतर या तालुक्याला तरी नव्याने शिकवावे लागू नये. येथल्याच देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांच्या दप्तरी दरोडेखोर होते. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. आज तोच तालुका त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणून वंदन करतो. पुढे १८७१ च्या कायद्याने तर देशातील संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरविले व त्यांच्यामागे हजेरीचा ससेमिरा लावला. स्वतंत्र भारताने तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. पण दप्तरातला संशय कायद्याइतक्या सहजासहजी रद्द होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात या बाबतीत समतोल मार्ग आखून दिला आहे. उमेदवाराने खरी माहिती द्यावी, हे बंधन आहेच. आणि खरे सांगितले म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असेही नाही. मात्र कोवळ्या वयातील घोषणाबाजीसारखा किरकोळ प्रकार लपविला गेला असला, तरी अधिकाऱ्याने तारतम्य बाळगून तो दुर्लक्षिता येईल, असे न्यायालय म्हणते. १९५८ चा परिवीक्षा कायदा आणि २०१५ चा बालन्याय कायदा यांच्यामागेही, एका चुकीने माणूस कायमचा बाद ठरू नये, हीच दृष्टी आहे. ब्रिटनने तर १९७४ सालीच, ठराविक काळ सरळ वागणाऱ्याची जुनी लहान शिक्षा सामान्य नोकऱ्यांपुरती विसरण्याची तरतूद केली. गंभीर गुन्हे व मुलांशी संबंध येणारी कामे तिने वगळली.

आणि आमच्याकडे? खटला प्रलंबित असलेल्या इसमास विधानसभेची उमेदवारी मिळू शकते. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्याला ते खटले मतदारांना सांगावे लागतात, इतकेच. कायदे करणाऱ्यास जी सवलत, ती शिपायाच्या जागेसाठी धडपडणाऱ्यास नाही, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

एके काळी आम्हीही वर्गातल्या वह्यांवर लाल शाईचे शेरे मारले आहेत. पण वर्ष संपले की वही बदलत असे, आणि मुलास नवे पान मिळे. सरकारकडे आमचे मागणे याहून फार मोठे नाही. प्रत्येक नोंदीपुढे न्यायालयाचा अंतिम निकाल लिहिला जावा. प्रतिकूल शेरा देण्यापूर्वी उमेदवाराचे म्हणणे ऐकावे. किरकोळ व जुन्या प्रकरणांस कालमर्यादा असावी. सार्वजनिक सुरक्षिततेस याने बाध येणार नाही. उलट, ज्यास सरळ मार्गाने पोट भरण्याची वाट मोकळी आहे, त्याच्यापासून समाजास भय कमीच.