नोवाक : पोलंडमधलं सर्वांत मोठं आडनाव आणि त्यामागचा 'नवा माणूस'

आडनावं हा आपल्या सगळ्यांच्या आवडीचा विषय, आणि थोडा अडचणीचाही. आपल्याकडचं कुठलंही आडनाव उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच गाव, जात, घराणं असा हिशेब सुरू होतो. मग आडनाव बाजूला राहतं आणि चर्चा भलतीकडेच जाते. म्हणून आज आम्ही मुद्दाम लांबचं उदाहरण घेतलं आहे. पोलंडमधलं. तिथल्या आडनावाशी आपल्यापैकी कुणाचं देणंघेणं नाही, त्यामुळे आडनाव तयार कसं होतं, पसरतं कसं आणि मोजतात कसं, हे जरा शांत डोक्याने पाहता येईल.

ते आडनाव आहे 'नोवाक'. पोलंडमध्ये सर्वांत जास्त लोकांचं हेच आडनाव आहे. जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा. आणि अर्थ समजायला आपल्याला शब्दकोश उघडायचीही गरज नाही, कारण पोलिश 'नोवी' म्हणजे नवा. आपला 'नवा', संस्कृतातला 'नव', लॅटिनमधला 'नोवुस' आणि हा पोलिश 'नोवी' ही सगळी एकाच मुळाची भावंडं. त्याला 'आक' प्रत्यय लागला की झाला 'नोवाक', म्हणजे नवीन आलेला माणूस, नवखा. मराठेशाहीतल्या आपल्या गावगाड्यात दोन तऱ्हेचे शेतकरी असत, हे आपल्याला माहीत आहे. पिढीजात हक्काची जमीन कसणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. नोवाक हा साधारण आपल्या उपऱ्याच्या जागी ठेवावा, म्हणजे त्या शब्दाचा वास बरोबर लागतो.

आता पहिली गोष्ट लक्षात घ्या. हे नाव कुणी स्वतःला घेत नाही. गावात नवा आलेला माणूस स्वतःला 'नवा' कशाला म्हणवून घेईल? त्याला त्याचं नाव असतंच, यान असेल, पिओतर असेल. पण गावात यान आधीच चार. मग लोक म्हणणार, अमुक तो लोहार यान, तमुक तो नदीकाठचा यान, आणि हा तो नवा यान. म्हणजे नोवाक हे नाव आधीपासून तिथे राहणाऱ्यांच्या तोंडून आलेलं आहे. माणूस कोण आहे यापेक्षा गाव त्याच्याकडे कसं पाहत होतं, हे त्यात नोंदलं गेलं आहे.

मध्ययुगात ही नुसती ओळख होती. ती माणसाबरोबर संपायची. वडील 'नवा' म्हणून ओळखले जात, मुलगा त्याच गावात जन्मलेला, त्याला वेगळंच काही म्हणत. पुढे ही ओळख गोठली, आणि ती गोठवली लिहिण्याने. पोलंडमध्ये आडनावं सर्वांत आधी स्थिर झाली ती सरदार-जमीनदारांची, ज्यांना तिथे 'श्लाख्ता' म्हणतात. साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकात. नंतर शहरवासीयांची, आणि शेतकऱ्यांची सर्वांत उशिरा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १५६३ नंतर, कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नं यांच्या वह्या ठेवणं बंधनकारक झालं. पाद्रीबाबा वहीत लिहिणार, तर नुसतं 'यान' लिहून कसं चालेल? मग गाव जे म्हणतं ते त्यांनी लिहिलं. पुढे १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत पोलंड प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्याकडे गेला, आणि या तिन्ही सत्तांना कर आणि सैन्यभरती यांसाठी प्रत्येक माणसाचं पक्कं नाव हवं होतं. जी काही आडनावं अजून हलती होती, ती तेव्हा कागदावर बसली. पोलंडमधल्या ज्यूंनाही याच काळात सरकारी हुकमाने आडनावं घ्यावी लागली. ऑस्ट्रियाचा तसा हुकूम १७८७ चा आहे.

आणि इथेच सगळी गंमत आहे बघा. वहीत 'नोवाक' लिहिलं गेलं, त्या दिवसापासून त्या घरातलं प्रत्येक मूल नोवाक झालं. तो मुलगा त्या गावात जन्मला, तिथेच वाढला, तिथेच पुरला गेला. त्याचा नातू, पणतूही तिथलाच. नाव मात्र 'नवा'. आठ-दहा पिढ्या एका जागी राहिलेलं कुटुंब आजही नावाने नवखंच आहे.

मग प्रश्न येतो, नवे लोक एवढे आले कुठून? आपली समजूत अशी की जुन्या काळी माणूस जिथे जन्मला तिथेच मरायचा. पोलंडमध्ये तर शेतकरी वेठीला बांधलेला, मालकाच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नसे. ही वेठबिगारी पूर्ण संपायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. प्रशियाच्या ताब्यातल्या भागात १८०७ पासून सुधारणा सुरू झाल्या, ऑस्ट्रियाच्या भागात १८४८ साली आणि रशियाच्या भागात १८६४ साली ती गेली. कायदा असा होता, पण माणसं हलतच होती. तेराव्या-चौदाव्या शतकात जंगल तोडून नवी गावं वसवली गेली, तिथे वसाहतवाले बोलावले गेले. वेठ असह्य झाली की माणसं रातोरात पळून दुसऱ्या जमीनदाराकडे जात, आणि तिथे हात कमी असले की त्यांना कोणी फारसं विचारत नसे. शिवाय १६५५ ते १६६० या काळात स्वीडनच्या आक्रमणाने देश अक्षरशः उजाड झाला. लढाई, दुष्काळ, प्लेग. गावंच्या गावं ओस पडली, आणि मालकांना ती पुन्हा भरण्यासाठी माणसं आणावी लागली. नोवाक हे आडनाव इतकं पसरलं आहे, हाच मुळी पुरावा आहे की ते जुनं 'स्थिर' गाव आपण समजतो तितकं स्थिर नव्हतं.

आता आकड्यांकडे वळू. पोलंडमध्ये प्रत्येक नागरिकाला अकरा अंकी 'पेसेल' क्रमांक असतो, आपल्या आधारसारखा, पण ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरची. या नोंदवहीतून आडनावांची मोजणी होते आणि सरकार ते आकडे खुले करतं. त्याआधी काझिमिएश रिमुत या भाषाशास्त्रज्ञाने पोलंडमधल्या चालू आडनावांचा मोठा कोश १९९० च्या दशकात काढला, तोही याच नोंदींच्या आधारे. या आकड्यांप्रमाणे नोवाक सुमारे २ लाख. दुसरा क्रमांक कोवाल्स्की, १ लाख ३५ ते ४० हजारांच्या आसपास. तिसरा विश्निएव्स्की, साधारण १ लाख १० हजार.

२ लाख हा आकडा मोठा वाटतो. पण पोलंडची लोकसंख्या आहे सुमारे पावणेचार कोटी. म्हणजे साधारण १९० माणसांमागे एक नोवाक. अर्धा टक्का! दक्षिण कोरियात 'किम' आडनावाचा माणूस साधारण पाचांत एक भेटतो. त्या मानाने पोलंडचं पहिल्या क्रमांकाचं आडनावही विरळच म्हणायचं. कारण तिथे आडनावांचे प्रकारच अफाट आहेत, लाखांच्या घरात.

आणखी एक खाच आहे. मोजायचं म्हणजे नक्की काय मोजायचं? पोलिशमध्ये 'स्की' ने संपणारं आडनाव विशेषणासारखं चालतं. नवरा कोवाल्स्की, तर बायको कोवाल्स्का. नोंदवहीत ही दोन वेगळी नावं दिसतात, ती आपण बेरीज करून एक धरायची. नोवाक तसं नाही, बाई असो की बुवा, नोवाकच. जुन्या रीतीप्रमाणे नोवाकची बायको 'नोवाकोवा' आणि मुलगी 'नोवाकुव्ना' म्हटली जायची, ते आता मागे पडलं. बरं, कोवाल्स्की आलं 'कोवाल' वरून, म्हणजे लोहार. कोवाल्चिक म्हणजे लोहाराचा पोर, तेही जवळजवळ लाखभर आहेत. ही दोन लोहार घराणी एकत्र केली तर नोवाक मागे पडतो! पण मग न्यायाने नोवाकच्या बाजूनेही नोवाकोव्स्की, नोवात्स्की, नोवित्स्की, नोवाचिक अशी 'नव्या'ची सगळी भावकी मैदानात आणावी लागेल. तात्पर्य, पहिला क्रमांक कुणाचा हे मोजणाऱ्याने रेघ कुठे ओढली यावरही ठरतं.

नकाशा पाहिला तर नोवाक देशभर सारखा पसरलेला नाही. पश्चिमेकडे पोझनानच्या भागात, दक्षिणेकडे सिलेशियात आणि क्राकूव्हच्या बाजूला तो दाट आहे. ईशान्येला बियावीस्तोकच्या बाजूला विरळ. याचं एक कारण भाषेचं. 'आक' हा प्रत्यय पश्चिमेकडचा लाडका, वाल्चाक, वोझ्निआक ही आडनावं ऐका. पूर्वेला बेलारूस-युक्रेनच्या शेजाराने 'उक' प्रत्यय चालतो, आणि ईशान्येला छोट्या श्लाख्तांची वस्ती दाट, म्हणून तिथे 'स्की' जास्त.

या 'स्की' बद्दल थोडं बोलायलाच हवं. तो मुळात आपल्या 'कर'चं काम करतो. तार्नूव्ह गावचा तो तार्नोव्स्की, जसा आपला कोल्हापूरचा कोल्हापूरकर. पण गावाच्या नावावरून ओळखला जाणारा माणूस बहुधा त्या गावाचा मालक, म्हणून 'स्की' म्हणजे खानदानी असा समज रुजला. मग काय झालं? ज्यांच्याकडे गाव नव्हतं त्यांनीही 'स्की' जोडलं. लोहाराचा कोवाल्स्की झाला, कित्येक नोवाकांचे नोवाकोव्स्की झाले. आज 'स्की'वाले इतके आहेत की श्लाख्ता तेवढे कधीच नव्हते. ते लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर असत. म्हणजे 'स्की' पाहून खानदान ओळखायला जाल तर बहुतेक वेळा फसाल. जो प्रत्यय मोठेपणा दाखवतो असं सगळे मानतात, तो सर्वांत जास्त उसना घेतला जातो.

नोवाक पोलंडपुरता नाही. चेक लोकांत 'नोवाक' पहिला, स्लोव्हेनियातही पहिला. सर्बियात ते पाळण्यातलं नाव आहे, टेनिसवाला नोवाक जोकोविच आपल्याला माहीतच आहे. जर्मनीत लुसाटिया भागातल्या सोर्ब लोकांच्या नोवाकचं जर्मन लिहिण्यात 'नोआक' झालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोझनानकडचे हजारो मजूर जर्मनीच्या रूर भागातल्या कोळशाच्या खाणींत गेले. तिथे हे नवे लोक नावानेही नवेच ठरले, आणि पुढे त्यांतल्या काहींनी नाव बदलून 'नॉयमान' केलं. त्याचाही अर्थ नवा माणूसच!

एक उदाहरण सांगून मग तुमच्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या भूमिगत सैन्याचा एक दूत होता, झ्जिस्वाव्ह येझिओरान्स्की. जर्मनांच्या ताब्यातलं वॉर्सा आणि लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार यांच्यात तो निरोप ने-आण करायचा. पकडला गेला तर मृत्यू. या कामासाठी त्याचं टोपणनाव होतं यान नोवाक. याहून सामान्य नाव पोलंडमध्ये सापडणं अवघड. हजारोंत मिसळून जाणारं. पुढे १९५२ ते १९७६ तो रेडिओ फ्री युरोपच्या पोलिश विभागाचा प्रमुख होता, आणि लोकांच्या मनात यान नोवाक-येझिओरान्स्की असाच राहिला. एके काळी जे नाव माणसाला गर्दीतून वेगळं काढण्यासाठी दिलं गेलं, 'हा आपल्यातला नाही' म्हणून, त्याच नावाच्या आडोशाने चारशे-पाचशे वर्षांनी एक माणूस गर्दीत लपू शकला.

मघाशी मध्येच कुणीतरी विचारलं होतं की एवढे २ लाख नोवाक, हे सगळे एका घराण्याचे का? अजिबात नाही. हजारो गावांत हजारो वेळा कुणीतरी नवा आला, आणि प्रत्येक गावाने त्याला स्वतंत्रपणे तेच नाव दिलं. दोन नोवाकांमध्ये रक्ताचं नातं असेलच असं नाही. नातं असलंच तर एवढंच, की दोघांचेही पूर्वज कधीतरी गाठोडं घेऊन कुणाच्या तरी वेशीवर उभे होते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहून गेले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत हद्दीत हद्दपार झालेली, तिथून सुटून इथवर आलेली ही माणसं. त्यांच्या कागदांवर आडनावं काहीही असोत, वळिवड्यात ती सगळीच नोवाक होती. आणि आपल्यापैकी ज्यांचं आडनाव 'कर'ने संपतं, त्यांनी एक विचार करून पाहावा. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारतं? कोल्हापुरात सगळेच कोल्हापूरचे. 'कोल्हापूरकर' ही ओळख गाव सोडल्यावर, दुसऱ्या गावी पोचल्यावरच उपयोगाला येते. तेव्हा आपल्यातले किती 'कर' एके काळी कुठल्यातरी वेशीवरचे नवे होते, हे पुढच्या वेळी एखादं आडनाव ऐकून हिशेब मांडण्याआधी आठवावं.