वासाची वेळ सांगते गळतीची जागा

स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांवर देशभर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आमच्या नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय इथलंच, ‘नीरी’ही इथलीच. तरी गाडीत पेट्रोलचा वास आला, की आम्ही नागपूरकर काचा खाली करतो आणि डॅशबोर्डवर सुगंधी डबी चिकटवतो. ‘उन्हाळा आहे, यायचाच,’ हे आमचं ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं.

खरा भाग एवढाच, की पेट्रोल सतत उडत असतं. पेट्रोलियम नियमांत ते ‘अ’ वर्गात मोडतं. २३ अंश सेल्सियसच्या खालीच पेटण्याजोगी वाफ सोडणारी द्रव्यं या वर्गात येतात. पेट्रोल तर उणे ४० अंशांच्या आसपासही अशी वाफ सोडतं. मग ४५ अंशांच्या दुपारी तापलेल्या डांबरावर उभ्या गाडीच्या टाकीत काय होत असेल! पण ती वाफ बाहेर पडू नये म्हणून गाडीत कॅनिस्टर नावाचा डबा असतो. त्यातला सच्छिद्र कोळसा टाकीतली वाफ शोषून धरतो. गाडी चालू लागली, की एक झडप उघडते आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. म्हणजे धडधाकट गाडीत भर मे महिन्यातही आत वास यायला नको. आला, तर कुठेतरी वाट फुटली आहे.

ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. फ्लॅट स्कीमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ती जमिनीलगत साचत जाते आणि हवेतलं तिचं प्रमाण जेमतेम दीड टक्का झालं, तरी एक ठिणगी पुरते. शिवाय पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझीन असण्याची मुभा आहे आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. त्यात आपलं नाक दगाबाज. काही मिनिटांत ते सरावतं आणि वास गेलासा वाटतो. म्हणून नुकत्याच गाडीत बसलेल्या माणसाला विचारावं.

मेकॅनिककडे जाण्याआधी आठवडाभर एक टिपण ठेवा: वास नेमका केव्हा येतो? माझा अनुभव असा, की या उत्तरातच निम्मं निदान असतं.

माझ्याच गाडीचं उदाहरण घ्या. टाकी फुल्ल केली, की दोन दिवस मागच्या सीटवर वास. काटा निम्म्यावर आला, की गायब. एका गॅरेजमध्ये इंजिनाकडचे पाइप बदलून झाले, फरक शून्य. वास टाकीच्या पातळीबरोबर चढतो-उतरतो, तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला असणार, हे उघड होतं. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली, की खाली एक झाकण असतं आणि त्याखाली टाकीत बसवलेला पंप. त्याच्या तोंडाशी मोठी रबरी रिंग असते. माझा पंप वर्षभरापूर्वी बदलला होता, पण रिंग जुनीच बसवलेली. ती चपटी होऊन कडक झाली होती. नवी बसवली आणि वास संपला. पंप उघडला, की रिंग नवीच हवी. तिथे काटकसर करू नये.

सिग्नलवर थांबल्यावर वास येत असेल, तर बॉनेटखाली पाहावं लागतं. एसीची हवा समोरच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून आत येते आणि ती जाळी इंजिनाच्या शेजारीच असते. एसी ‘आतली हवा’ या खुणेवर करून पाहा. वास कमी झाला, तर गळती पुढे आहे. डिसेंबरातल्या थंड सकाळी पहिली दोन मिनिटं वास येऊन मग जात असेल, तर इंजेक्टरच्या रबरी रिंगा आखडल्याचा संशय घ्यावा. सायलेन्सरमधूनच येत असेल, तर ती गळती नव्हे. पेट्रोल नीट जळत नाही, प्लग किंवा सेन्सर तपासायला हवा.

गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवण्याचा उपाय बरेच जण करतात. डाग दिसला तर ठीक, पण पेट्रोल उडून जातं. पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही.

जुन्या गाड्यांबाबत इथेनॉलचा मुद्दाही आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि काही जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं, नरमतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे सरकारनंही मान्य केलं आहे. पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामाला येणारे उंदीर हे तेवढंच खरं कारण; ते पाइप कुरतडतात. पाइप बदलताना इंजेक्शनच्या दाबाला चालणाराच घ्यावा. पाण्याचा साधा पाइप क्लिप आवळून बसवणं किंवा चिरेवर एम-सील थापणं म्हणजे आगीला आवतण. इंजिन बंद केल्यावरही या लाइनमध्ये दाब शिल्लक असतो, तेव्हा घरी सांधे सोडवू नका. थेंब दिसला, तर गाडी चालू न करता ढकलून मोकळ्यावर न्यावी.

आता पेट्रोल पंपावरची सवय. उन्हाळ्यात टाकी फुल्ल केली तर स्फोट होतो, असा निरोप दरवर्षी मोबाइलवर फिरतो. इंडियन ऑइलनं तो खोटा असल्याचं सांगितलं आहे. बंदूक आपोआप थांबेपर्यंत भरण्यात धोका नाही. त्यानंतर ‘राउंड फिगर कर दे भाऊ’ म्हणत आणखी दोन झटके मारले, की पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरू शकतं. कोळसा एकदा भिजला, की पुन्हा पूर्वीसारखा शोषत नाही आणि हा डबा साफ होत नाही, बदलावाच लागतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी सोपी आहे. बंदूक थांबेपर्यंत टाकी भरा, गाडी दुपारी तासभर उन्हात मोकळ्यावर उभी करा आणि मग मागचं दार उघडून आधी हुंगा. किल्ली नंतर फिरवा.