एकट्या इलेक्ट्रॉनचा माग

इंजेक्शनची सिरिंज, शस्त्रक्रियेचे हातमोजे, टाके घालायचा दोरा अशा वस्तूंच्या पाकिटावर पुष्कळदा 'गॅमा किरणांनी निर्जंतुक' अशा अर्थाची सूचना छापलेली असते. आपल्या देशात या कामाची सुरुवात मुंबईच्या उपनगरात झाली. घाटकोपरहून चेंबूरमार्गे पुढे गेले की ट्रॉम्बे लागते. तेथे १९७४ साली 'आयसोमेड' हे केंद्र सुरू झाले. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण बंद खोक्याच्याही आरपार जातात आणि आतील जंतू मारतात. त्यासाठी साधारणपणे २५ किलोग्रे मात्रा देतात. वस्तू त्यामुळे किरणोत्सारी होत नाही.

मग वस्तूवर काहीच परिणाम होत नाही काय? होतो. जंतूंमधील रेणूंचे बंध तोडणारे किरण प्लॅस्टिकमधील बंधही तोडतात. बंधात इलेक्ट्रॉन जोडीने असतात. बंध तुटला की जोडी फुटते आणि एकटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा उरतो. यालाच मुक्त मूलक म्हणतात.

कृत्रिम खुब्याच्या सांध्यात हे महत्त्वाचे ठरते. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये सांध्याच्या वाटीसाठी फार लांब साखळ्यांचे पॉलिएथिलीन वापरले. पुढे अशा वाट्या गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊ लागल्या. प्लॅस्टिकच्या स्फटिकमय भागात अडकलेली मूलके वर्षानुवर्षे टिकतात. हळूहळू आत शिरणाऱ्या ऑक्सिजनशी त्यांची क्रिया होते, साखळ्या तुटतात, वाटी ठिसूळ होऊन झिजते आणि रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

ही मूलके डोळ्यांना दिसत नाहीत. येथे भौतिकशास्त्रज्ञ मदतीला येतो. एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकला चुंबकच. बाह्य चुंबकीय क्षेत्रात त्याच्या ऊर्जेच्या दोन पातळ्या होतात. त्यांतील फरकाइतकीच ऊर्जा असलेले सूक्ष्मतरंग सोडले, तर तो ते शोषून घेतो. योग्य क्षणी दिलेल्या धक्क्याने झोका उंच जावा, तसेच हे आहे. याला इलेक्ट्रॉनचे चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. झावोइस्की यांनी ते १९४४ साली कझान येथे प्रथम पाहिले.

प्रयोगात प्लॅस्टिकची बारीक चीप क्वार्ट्झच्या नळीत घालतात. तरंगांची वारंवारता कायम ठेवून क्षेत्र बदलत नेतात. शोषणाच्या आलेखाखालील क्षेत्रफळावरून एकटे इलेक्ट्रॉन किती, हे समजते. आलेखाच्या आकारावरून ते कोणत्या मूलकातले, हे ओळखता येते. पवईच्या आयआयटीत असे उपकरण आहे.

अशा मोजमापांमुळे दोष कोठे आहे हे स्पष्ट झाले. १९९० च्या दशकात हवेऐवजी नायट्रोजनसारख्या वायूत किंवा निर्वातात किरण देण्याकडे कल वळला. किरण दिल्यावर प्लॅस्टिक वितळवले, तर स्फटिक मोडतात, अडकलेली मूलके सुटून परस्परांशी जुळतात आणि आलेखातील संकेत जवळजवळ नाहीसा होतो.

वर्गात एक गणित देता येईल. मुक्त इलेक्ट्रॉनसाठी १ टेस्ला क्षेत्राला सुमारे २८ गीगाहर्ट्झ वारंवारता लागते. उपकरण ९.५ गीगाहर्ट्झवर चालत असेल, तर संकेत किती क्षेत्रावर मिळेल? उत्तर ०.३४ टेस्ला येते.