पायथॉनच्या पोटात शिरताना

हजार अज्ञातांची हजार समीकरणं सोडवायची आहेत. पायथॉनमध्ये नमपाय हा आकडेमोडीचा संग्रह असेल तर त्यासाठी एक ओळ पुरते आणि साध्या लॅपटॉपवरही उत्तर चटकन येतं. आत साधारण 67 कोटी बेरजा, वजाबाक्या, गुणाकार झालेले असतात! हेच गणित नुसत्या पायथॉनच्या लूपमध्ये एकेक आकडा हाताळत करून पाहा, वाट पाहून कंटाळाल.

मग हे काम करतं कोण? नमपाय ते लापॅक या संग्रहातल्या डीजीईएसव्ही नावाच्या सबरूटीनकडे सोपवतं. लापॅक 1992 साली आलं, तेही फोर्ट्रानमध्ये लिहिलेलं. फोर्ट्रान तर 1957 चं, जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम 704 साठी घडवलेलं. आज त्या सबरूटीनच्या नावामागे बरेचदा सी आणि असेम्ब्लीत नव्याने लिहिलेला कोड असतो, पण हाक मारायची रीत अजून फोर्ट्रानचीच. मॅट्रिक्सदेखील त्याच्याच पद्धतीने, आडव्या ओळींऐवजी उभ्या स्तंभांनी मेमरीत मांडून द्यावी लागते.

फोर्ट्रानच्या वेगाचं एक कारण मला फार विलक्षण वाटतं. समजा, एका अ‍ॅरेतले आकडे दुप्पट करून दुसऱ्यात ठेवायचे आहेत. सीच्या कंपायलरला शंका येते: हे दोन्ही मेमरीत एकमेकांवर चढलेले तर नसतील? एकात लिहिताना दुसऱ्यातला न वाचलेला आकडा बदलला तर? म्हणून तो जपून पावलं टाकतो. फोर्ट्रानच्या नियमानुसार, सबरूटीनला दिलेल्या ज्या अ‍ॅरेत लिहायचं तो दुसऱ्यात गुंतलेला नाही, ही जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. त्या भरवशावर कंपायलर चार-चार, आठ-आठ आकडे एकदम उचलतो. सीमध्ये अशी हमी द्यायची सोय 1999 च्या प्रमाणकात आली. म्हणजे भाषेने माणसाकडून घेतलेला शब्द थेट प्रोसेसरचा वेग वाढवतो!

2012 मध्ये जाहीर झालेल्या ज्युलिया या भाषेने लिहायला सोपं आणि पळायला वेगवान असं दोन्ही एकाच भाषेत साधायला घेतलं. फंक्शनला कोणत्या प्रकारचे आकडे मिळाले ते पाहून ती तिथल्या तिथे यंत्राचा कोड तयार करते.

नवं साधन बांधताना मी आधी सर्वांत जास्त वेळा फिरणारा लूप शोधेन. तो लापॅकसारख्या संग्रहात आधीच लिहिलेला असेल तर पायथॉन निर्धास्तपणे घ्यावं. तो अगदी आपलाच, कुठेच तयार न मिळणारा असेल, तर ज्युलिया किंवा फोर्ट्रान. उदाहरणार्थ, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी वापरलेलं सीएफएस हे मॉडेल मुख्यतः फोर्ट्रानमध्येच लिहिलेलं आहे.