फिरत्या घरातली बॅटरी किती जगते?

‘नोमॅडलँड’ पाहिलेले वाचक बरेच असतील. जेसिका ब्रूडर यांचं पुस्तक २०१७ सालचं. त्यावरच्या क्लोई जाओ यांच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळालं. घर परवडेनासं झालेली उतारवयातली अमेरिकन माणसं त्यात व्हॅनमध्ये राहतात. त्यांच्या एकटेपणावर लिहायला दुसरे समर्थ आहेत. मी कसलीही पदवी नसताना वीस वर्षं बॅटऱ्यांच्या मागे लागलेला माणूस. मला पडलेला प्रश्न असा, की यांचे दिवे कशावर लागतात, आणि किती वर्षं लागतात?

ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं लहानसं गाव आहे. दर हिवाळ्यात तिथे हजारो फिरती घरं येऊन थांबतात. जवळच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असं सात महिने परवाना काढून राहता येतं. जागा स्वस्त, पण विजेची जोडणी नाही. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, झोपेत श्वास अडकणाऱ्याचं सीपॅप यंत्र, सगळं बॅटरीवर. पहाटे तीनला ती उतरली तर प्रश्न नुसत्या गैरसोयीचा उरत नाही.

ही बॅटरी गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीहून निराळी. स्टार्टरला काही सेकंद प्रचंड प्रवाह लागतो, म्हणून त्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. डीप-सायकल बॅटरीत प्लेटा कमी आणि जाड, कारण तिला तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह द्यायचा असतो. तिकडचे जाणते लोक गोल्फ-कार्टच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा व्होल्ट करतात. रसायन मात्र गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली वापरलं तेच. वीज वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, चार्ज केलं की ते पुन्हा मूळ रूपात जातं.

सगळी मेख या सल्फेटात आहे. ताजं असताना ते बारीक कणांचं असतं आणि सहज परततं. काही आठवडे तसंच राहिलं की त्याचे मोठे, टणक स्फटिक होतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो.

आता हिशेब पाहू. रोज निम्म्यापर्यंत उतरवली तर चांगली बॅटरी सुमारे हजार वेळा साथ देते, असं उत्पादकांचे तक्ते साधारणपणे सांगतात. म्हणजे रोज राहणाऱ्याची बॅटरी तीनेक वर्षं टिकेल, आणि वर्षाकाठी ऐंशी रात्री गाडीत काढणाऱ्या हौशी माणसाची बारा वर्षं. प्रत्यक्षात हौशी माणसाची बॅटरी बारा वर्षं जाणं दुर्मीळच. पुष्कळदा ती तीन-चार वर्षांतच संपते. सहलीहून आल्यावर गाडी अंगणात उभी राहते. गॅस-गळती ओळखणारं यंत्र, रेडिओचं घड्याळ अशी बारीकसारीक उपकरणं चालूच असतात. त्यांनी मिळून अर्धा अँपिअर घेतला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात; १०० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्म्यावर येते. पुढचे तीन महिने ती तशीच, किंवा त्याहून रिकामी. राबून मरणाऱ्या बॅटऱ्यांपेक्षा अशा अर्धपोटी पडून मरणाऱ्या जास्त, असं माझं मत आहे.

मग क्वार्ट्झसाइटची बॅटरी रोज कामात असूनही लवकर का जाते? कारण ती रोज पूर्ण भरत नाही. शिशाच्या बॅटरीचा पहिला ८० टक्के भाग भराभर भरतो. उरलेल्या २० टक्क्यांना ती अगदी थोडा प्रवाह घेते आणि काही तास लावते. तासभर जनरेटर चालवणाऱ्याला पेट्रोल वाचवल्यासारखं वाटतं, पण ते शेवटचे २० टक्के सल्फेट रोज मागे राहतं. हिवाळ्यात दिवस लहान, छतावर एकच सौर पॅनेल, आणि बॅटरी रात्री पार उतरलेली, असं जमून आलं की वर्षभरातही ती हात टेकते.

म्हणूनच ज्याच्याकडे एकच बॅटरी आहे त्याला ती वरचेवर विकत घ्यावी लागते. दोन घेतल्या तर प्रत्येक निम्मीच उतरेल आणि दुपारपर्यंत भरायची शक्यता वाढेल. शिवाय विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ साली दाखवल्याप्रमाणे, प्रवाह जितका कमी ओढावा तितकी एकूण वीज जास्त मिळते. हे त्या व्हॅनमधल्या म्हाताऱ्यांना कळत नाही असं नाही. दुसऱ्या बॅटरीचे पैसे एकदम हाताशी नसतात, इतकंच.

हवामानाचंही ऐका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. उलट, पूर्ण भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उतरलेलीत आम्ल जवळजवळ पाण्यासारखं झालेलं असतं, ते शून्याखाली दहाएक अंशांवर गोठून डबा फोडतं.

आपल्याकडच्या भारनियमनाच्या वर्षांत घराघरांत आलेली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ही याच कुळातली. तेव्हा ती खोल उतरून मरायची. आता वीज जाणं कमी झाल्यावर मी पाहतो त्या बऱ्याच घरांत ती सतत चार्जिंगवर राहून पाणी आटल्यामुळे मरते. जिन्याखाली ठेवलेली, वर वर्तमानपत्रांची रद्दी. झाकण कोण उघडणार? हायड्रोमीटर तर दूरच. त्यातलं १.२६५ च्या आसपासचं माप भरलेली बॅटरी सांगतं, १.१९ म्हणजे निम्मी. इन्व्हर्टर मात्र बहुधा १०.५ व्होल्टला बंद होतो, आणि तोवर बॅटरीत जवळजवळ काही उरलेलं नसतं.

लिथियम आयर्न फॉस्फेटने हे चित्र बरंच बदललं आहे. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून नव्वदीच्या दशकात आलेलं हे रसायन हजारो फेऱ्या सोसतं, आणि अर्धवट भरून ठेवलं तरी त्याचं काही बिघडत नाही. एक पथ्य आहे: शून्य अंशाखाली ते चार्ज करायचं नाही. वाळवंटातल्या जानेवारीच्या पहाटेला तेवढं सांभाळावं लागतं. किमतीही उतरल्या आहेत. मात्र जुन्या गाडीतला चार्जर शिशासाठी बनवलेला असल्याने तोही बहुधा बदलावा लागतो, आणि तो खर्च बॅटरीच्या जाहिरातीत धरलेला नसतो.