कर्ण्याची शीळ

लहानशा ख्रिस्तमंदिरांत पाळक उपदेशास आरंभ करतात आणि पहिल्याच वाक्याला कर्ण्यांतून कानठळ्या बसविणारी शीळ निघते. मागच्या बांकांवरील ज्या वृद्धांसाठीं हें यंत्र आणलें, त्यांनाच आधीं कान झांकावे लागतात, आणि उपदेश राहतो बाजूला. दोष यंत्राच्या माथीं मारला जातो. वस्तुतः यंत्र बहुधा शाबूत असतें, चुकलेली असते ती त्याची जागा.

मायक्रोफोननें टिपलेला आवाज वर्धकांत मोठा होऊन कर्ण्यावाटे बाहेर पडतो. त्याचा अंश पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरून प्रत्येक फेरींत वाढतच गेला, कीं एकच स्वर किंचाळूं लागतो. डेन्मार्कचे पदार्थविज्ञानवेत्ते सोरेन लार्सेन (१८७१–१९५७) यांचें नांव या प्रकारास मिळालें आहे.

दगडी भिंती व फरशी ध्वनि शोषीत नाहींत, परतवितात. म्हणून शनिवारीं रिकाम्या मंदिरांत ओरडणारें यंत्र रविवारीं मंडळी जमल्यावर पुष्कळदां मुकाट्यानें वागतें. माणसांच्या अंगावरील कपडेच ध्वनि पितात! हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांनीं १८९५ पासून एका व्याख्यानगृहांत गाद्या मांडून ध्वनीचें हें शोषण मोजलें होतें.

उपायास नवें यंत्र लागत नाहीं. कर्णा वक्त्याच्या पाठीशीं नसावा. वक्त्याच्या पुढें, श्रोत्यांकडे तोंड करून असावा. मायक्रोफोन मुखापासून वीतभर अंतरावर ठेवावा. हें अंतर निम्मे केलें कीं सुमारें सहा डेसिबलचा लाभ होतो, आणि तितकें वर्धकाचें बटण मागें फिरवितां येतें. शीळ ऐकतांच कित्येकजण मायक्रोफोनचें तोंड मुठींत धरतात. तेणेंकरून ती बहुधा अधिकच चढते.